हरवलेला ताल, परके यंत्र

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव उर्वरित महाराष्ट्राला माहीत झाले ते अणुऊर्जेच्या वादामुळे. जैतापूर खाडीच्या मुखाशी, यशवंतगडाच्या सावलीत वसलेल्या या मच्छीमारी गावात १८ एप्रिल २०११ रोजी माडबनच्या प्रकल्पाविरोधातील आंदोलन चिघळले, पोलीस गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला आणि पुढे काही आठवडे नाट्याचे नाव दिल्लीपर्यंत गाजत राहिले. ९,९०० मेगावॉट वीज, जमिनीची भरपाई, समुद्राचे तापमान, फ्रेंच अणुभट्ट्यांची सुरक्षितता, सगळ्यांवर तावातावाने चर्चा झाली. समर्थक आले, विरोधक आले, वाहिन्यांचे कॅमेरे आले आणि सगळे यथावकाश परतले. एक साधा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा कोणाच्या कानी पडला नाही. या गावातल्या माणसाचे हृदय थकले, तर त्याने जायचे कुठे?

प्रश्न भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. नाट्याहून राजापूरचे ग्रामीण रुग्णालय घाटवळणांनी गाठायचे. त्याच्या पुढची सोय हवी असेल तर रत्नागिरी, नाहीतर चिपळूणजवळचे डेरवण, किंवा पाचलवरून अणुस्कुऱ्याचा घाट चढून कोल्हापूर. आणि त्याही पुढचे काही असेल तर कोकणी माणसाचा अंतिम आधार असलेली मुंबई, जिथे मुलगा दहा बाय बाराच्या खोलीत राहतो आणि आजारी वडिलांना महिनाभर ठेवून घ्यायचे म्हणजे सुनेने शेजारी झोपायला जायचे. कोकणातल्या वृद्धांचे दुखणे बहुधा याच एका अडचणीपाशी येऊन थांबते. ‘आता वय झाले’ असे म्हणून पडवीत खुर्ची टाकली जाते आणि वैद्यकीय प्रश्न तिथेच मिटवला जातो.

‘हार्ट फेल झाले’ हा शब्दप्रयोग मराठीत मृत्यूची वार्ता म्हणून वापरला जातो. वैद्यकशास्त्रातील ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे मात्र मृत्यू नव्हे. हृदय चालू असते, परंतु शरीराला पुरेल इतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती ओसरलेली असते. जेटीवरून घरापर्यंतचा चढ जो माणूस आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन चढला, त्याला रिकाम्या हाताने दोन ठिकाणी थांबावे लागते. संध्याकाळी पायांवर सूज येते. रात्री आडवे पडले की श्वास कोंडतो, म्हणून उशाला एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा होतात. घरचे त्याला दमा समजतात. या दुखण्याला हृदयक्षीणता म्हणणे अधिक योग्य.

ही क्षीणता किती घातक आहे, याची भारतीय आकडेवारी आता उपलब्ध आहे. तिरुवनंतपुरम येथील नोंदवहीत २०१३ साली नोंदलेल्या १,२०५ रुग्णांपैकी पाच वर्षांत ५९ टक्के दगावले. अनेक कर्करोगांचीही आकडेवारी इतकी वाईट नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने देशातील ५३ रुग्णालयांत झालेल्या राष्ट्रीय नोंदणीत १०,८५१ रुग्ण पाहिले गेले. त्यांचे सरासरी वय साठच्या आतबाहेर होते. पाश्चात्त्य देशांत हा आजार सत्तरीनंतर गाठतो, आपल्याकडे तो जवळजवळ दहा वर्षे आधी येतो, म्हणजे घरातला कमावता हात असतानाच येतो. नव्वद दिवसांच्या आत त्यांपैकी चौदा टक्के रुग्ण गेले. आणि शास्त्रशुद्ध औषधयोजना निम्म्याहूनही कमी रुग्णांना मिळत होती. ही आकडेवारी मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची आहे. नाट्याच्या पडवीतल्या खुर्चीची नोंद कोणत्याच वहीत नाही.

या क्षीण हृदयांपैकी साधारण चौथ्या हिश्शात दुखणे केवळ स्नायूंचे नसते, तालाचेही असते. आणि इथून हा विषय खरा महत्त्वाचा होतो.

हृदयात स्वतःची विद्युतव्यवस्था असते. वरच्या कप्प्यात ठिणगी पडते, ती मधल्या गाठीतून खाली उतरते आणि डाव्या-उजव्या दोन शाखांतून दोन्ही खालच्या कप्प्यांत जवळजवळ एकाच क्षणी पसरते. खालच्या कप्प्यांतले हे पसरणे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात घडते. डावी शाखा निकामी झाली, तर संदेश डाव्या कप्प्याकडे आडवाटेने, स्नायूतून रेंगाळत जातो. मधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि बाहेरची भिंत मागाहून. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याने रापण ओढताना पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरचे दोन गट धरतात आणि एका हाकेवर, एका वेगाने ओढतात. एक गट पुढे गेला व दुसरा मागे राहिला, तर माणसे तेवढीच, जोर तेवढाच, घामही तेवढाच. मासळी मात्र जाळ्यातून निसटते. ताल हरवलेल्या हृदयाचे नेमके हेच होते. आधीच अशक्त स्नायू, त्यात त्याची निम्मी मेहनत रक्त पुढे ढकलण्याऐवजी आतल्या आत इकडून तिकडे सरकवण्यात वाया जाते.

यावरचा उपाय म्हणजे ‘कार्डिॲक रीसिंक्रोनायझेशन थेरपी’, संक्षेपाने सी.आर.टी. मराठीत त्याला हृदयताल-समन्वय म्हणता येईल. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र बसवतात. त्यातून तीन तारा शिरेवाटे हृदयाकडे जातात. एक वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात, आणि तिसरी, जी या उपचाराचे वैशिष्ट्य आहे, हृदयाच्याच एका शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत. यंत्र दोन्ही बाजूंना एकाच वेळी हाक देते. छाती उघडावी लागत नाही. १९९४ मध्ये फ्रान्समधील सर्ज काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उपचाराचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्या फ्रान्सकडून माडबनसाठी अणुभट्ट्या मागवण्याचा घाट घातला गेला, त्याच देशातली ही विद्या. अणुभट्टीसाठी मात्र दोन राष्ट्रप्रमुखांच्या भेटी झाल्या.

सी.आर.टी. हा काही नवलाईचा प्रयोग राहिलेला नाही. २००१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. २००५ साली ‘केअर-एचएफ’ या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष आले. ८१३ रुग्ण, सरासरी पाठपुरावा अडीच वर्षांच्या जवळपास. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ३० टक्के दगावले, यंत्र बसवलेल्यांपैकी २० टक्के. शंभर घरांमागे दहा घरांतला माणूस वाचला. जे जगले त्यांचा दम कमी झाला, ते चालू-फिरू लागले, रुग्णालयाच्या फेऱ्या घटल्या. हे निष्कर्ष येऊन दोन दशके उलटली आहेत. दोन दशकांत मोबाईल फोन नाट्याच्या प्रत्येक होडीत पोहोचला.

येथे एक इशारा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे चांगल्या उपचाराचा धंदा व्हायला वेळ लागत नाही. हे यंत्र प्रत्येक थकलेल्या हृदयासाठी नाही. हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता ३५ टक्के किंवा त्याहून खाली उतरलेली असावी, ईसीजीतील विशिष्ट लहरीची रुंदी वाढून सेकंदाच्या ०.१५ भागाइतकी किंवा अधिक झालेली असावी, डाव्या शाखेचा अडथळा स्पष्ट दिसावा आणि मुख्य म्हणजे योग्य औषधे योग्य मात्रेत किमान तीन महिने दिल्यानंतरही त्रास उरलेला असावा. एवढे पारखून बसवले तरी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना अपेक्षित लाभ होत नाही. तेव्हा शेतजमीन विकून यंत्र बसवायला निघालेल्या कुटुंबाला ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे. ती न सांगता, ‘आजच निर्णय घ्या’ असे म्हणणारा वैद्यक व्यवसाय चरकाच्या परंपरेशी नाते सांगू शकत नाही.

परंतु जिथे ते लागू आहे तिथेही ते मिळत नाही, आणि त्याचे पहिले कारण किंमत. ही यंत्रे अमेरिका व युरोपातील मोजक्या कंपन्या बनवतात. तीन तारांचे साधे यंत्र काही लाखांच्या घरात जाते आणि त्यालाच झटका देऊन प्राणघातक लय थांबवणारी जोड दिली की किंमत आणखी चढते. नाट्यातील एखाद्या खलाशाची कितीतरी वर्षांची मिळकत त्या काडेपेटीएवढ्या डबीत बंद असते.

मुंबईत याच अडचणीतून एक विलक्षण वाट निघाली. तिची नोंद जागतिक वैद्यकीय नियतकालिकांत झाली, मराठी वाचकांपर्यंत मात्र ती फारशी आली नाही. अमेरिकेत माणूस निवर्तला की त्याच्या छातीतले यंत्र अंत्यसंस्कारापूर्वी काढले जाते आणि बहुधा फेकले जाते. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या काही हृदयतज्ज्ञांनी ती यंत्रे गोळा करून, बॅटरी तपासून, मुंबईत आणली. येथे ती पुन्हा निर्जंतुक करून गरीब रुग्णांना विनामूल्य बसवण्यात आली. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात असे पेसमेकर बसवलेल्या ५३ रुग्णांचा वृत्तान्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डॉ. बेहजाद पावरी, मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी झटका देणाऱ्या यंत्रांचा अनुभव मांडला. ८१ रुग्णांत मिळून १०६ वापरलेली यंत्रे बसवली गेली आणि एकालाही त्यामुळे जंतुसंसर्ग झाला नाही. होली फॅमिली हे ख्रिस्ती संस्थेचे रुग्णालय आहे. चांगल्याला चांगले म्हणताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. गरिबाच्या छातीत जीव धरून ठेवणारे हात कोणाचे होते, हे त्याच्या घरचे विसरत नाहीत आणि इतरांनीही विसरू नये.

मात्र या डॉक्टरांना नमस्कार केल्यानंतर एक बोचरी गोष्ट उरतेच. २०१४ मध्ये आपले यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेले, २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्याच देशातला नागरिक आपल्या हृदयाच्या तालासाठी समुद्रापलीकडच्या मृताच्या छातीतून निघालेल्या यंत्राची वाट पाहतो. हे दान घेणाऱ्याला कमीपणा नाही. कमीपणा आहे तो राष्ट्र म्हणून.

दुसरीही एक गोष्ट. ही यंत्रे आपल्याकडेही काढली जातातच. बॅटरी चितेत किंवा विद्युतदाहिनीत फुटण्याचा धोका असल्यामुळे दहनापूर्वी यंत्र काढावे लागते. त्यानंतर त्याचे काय होते? एखाद्या घरात ते कपाटात पडते, बहुतेक ठिकाणी कचऱ्यात जाते. देवांच्या शस्त्रासाठी जिवंतपणी अस्थी देणाऱ्या दधीचीची ही भूमी आहे. नेत्रदान आणि देहदान यांची चळवळ संघविचाराच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी नेली. त्या संकल्पपत्रात यंत्रदानाची एक ओळ घालायला फारसे काही लागत नाही. लागते ती कायद्याची स्पष्ट चौकट, तपासणी व निर्जंतुकीकरणाची मान्यताप्राप्त केंद्रे, आणि रुग्णाची पूर्ण माहितीनंतरची संमती. सात देशांतील तीनशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या चाचणीत असे पुन्हा सिद्ध केलेले पेसमेकर नव्यांच्या तुलनेत कमी ठरले नाहीत, हे २०२४ मध्ये अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले. शास्त्राची हरकत विरत चालली आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांनी या विषयावर स्वच्छ भूमिका घ्यावी.

तरीही दान हा तात्पुरता पूल आहे. खरा प्रश्न निर्मितीचा आणि दराचा.

दराच्या बाबतीत सरकारला मार्ग ठाऊक आहे, कारण त्याने तो एकदा चालून दाखवला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपये, वर कर. त्याआधी औषधयुक्त स्टेंटसाठी रुग्णाकडून लाख-सव्वा लाख घेतले जात होते. तेव्हा उत्तम स्टेंट बाजारातून नाहीसे होतील, संशोधन थांबेल, असा आरडाओरडा झाला. स्टेंट नाहीसे झाले नाहीत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ ठरली आणि त्यांची किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. परंतु यात एक मोठी फट आहे. लगाम दरवाढीला आहे, मूळ किमतीला नाही. जो डोंगरमाथ्यावरच बसला आहे त्याला ‘वर चढू नकोस’ असे बजावून काय उपयोग? सी.आर.टी. यंत्राची आयात किंमत आणि रुग्णाच्या बिलावरची किंमत यांतले अंतर सरकारने जाहीर करावे आणि स्टेंटप्रमाणेच कमाल दर बांधावा.

निर्मितीच्या बाबतीतही उदाहरण घरचेच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. मा. शं. वलियाथन यांनी कृत्रिम हृदयझडपेचे काम हाती घेतले तेव्हा परदेशी झडप हजारो गरिबांच्या आवाक्याबाहेर होती. एकामागून एक रचना फसल्या. वर्षे गेली. थट्टाही झाली. चौथी रचना टिकली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली गेली. पुढे चित्रा झडप एक लाखाहून अधिक भारतीयांच्या हृदयात गेली, आणि परदेशी झडपेच्या तुलनेत फार कमी खर्चात. याच वलियाथनांनी उत्तरायुष्यात चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर तीन ग्रंथ लिहिले, हा योगायोग नव्हे. परंपरेचा अभिमान आणि प्रयोगशाळेतील चिकाटी एका माणसात नांदू शकतात, याचे ते चालते-बोलते उत्तर होते. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या निधनाची बातमी मराठी वृत्तपत्रांत ज्या कोपऱ्यात आली, तो कोपराही पुष्कळ काही सांगून गेला.

साधे पेसमेकर भारतात बनतात. मध्य प्रदेशातील पीथमपूरची श्री पेसट्रॉनिक्स ही कंपनी ते बनवते. त्यापुढची पायरी असलेले तीन तारांचे यंत्र मात्र आपण आजही बाहेरून आणतो. वैद्यकीय उपकरणांच्या देशी उत्पादनाला चालना देण्यासाठी ३,४२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना केंद्राने २०२० मध्ये आणली, २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर केले. दिशा योग्य आहे. पण प्रोत्साहन योजना उत्पादनाला पैसा देते. वलियाथनांना लागली तशी, तीनदा फसण्याची मुभा देत नाही. १९९१ साली नागपुरात स्वदेशी जागरण मंच उभा राहिला तेव्हा साबण, टूथपेस्ट आणि शीतपेये यांच्या याद्या घरोघरी वाटल्या गेल्या होत्या. त्या याद्यांनी एक पिढी जागी केली, हे मान्यच. आता यादी पुढे सरकली पाहिजे. परदेशी शीतपेय न पिता माणूस जगू शकतो, परदेशी यंत्राशिवाय ज्याचे हृदय चालत नाही त्याला बहिष्काराचा उपदेश कसा करणार?

आणि येथे एक अनपेक्षित आशा आहे. हृदयाच्या विद्युतवाहिनीलाच थेट तार जोडून नैसर्गिक मार्गानेच संदेश पाठवता येईल का, याचा माणसांतील कायमस्वरूपी पहिला यशस्वी प्रयोग २००० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या पेनसिल्व्हानियातील डॉक्टरांचे नाव प्रमोद देशमुख. नाव वाचून मराठी मन सुखावते, पण मुद्दा त्याहून मोठा आहे. बरीच वर्षे ही कल्पना अडगळीत पडली. मग पेनसिल्व्हानियातच पुगळेंदी विजयरामन यांनी ती नेटाने पुढे नेली, २०१७ मध्ये चीनच्या वेइजियान हुआंग यांनी अडथळ्याच्या पलीकडे डाव्या शाखेलाच तार रोवून दाखवली, आणि आता मदुराईत डॉ. षण्मुगसुंदरम पोन्नुसामी यांच्यासारखे भारतीय तज्ज्ञ त्यात अग्रेसर आहेत. या पद्धतीत अनेकदा तीन तारांच्या महागड्या यंत्राची गरजच राहत नाही. दोन तारांच्या साध्या पेसमेकरवर काम भागते, आणि तो तर भारतात बनतो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी काही रुग्णांसाठी या पद्धतीला जागा दिली आहे. मोठ्या तुलनात्मक चाचण्या अजून पूर्ण व्हायच्या आहेत, म्हणून आजच जयघोष नको. पण गरीब देशाला स्वस्त उपायाच्या चाचणीत सर्वांत अधिक रस असायला हवा. मग त्या चाचण्या अमेरिकेने करायच्या आणि निकालाची वाट भारताने पाहायची, ही रीत कशासाठी? परळच्या केईएममध्ये, भायखळ्याच्या जे. जे. मध्ये रुग्णांची वाण नाही, कुशल हातांचीही नाही.

आता पुन्हा नाटे. यंत्र स्वस्त झाले तरी ते त्या पडवीपर्यंत आपोआप चालत जाणार नाही. यंत्राची गरज आहे हे कळण्यासाठी आधी एक ईसीजी लागतो. तो काढायला पाच मिनिटे पुरतात. अडचण तो वाचण्याची. लहरीची रुंदी मोजणे हे काही अवघड शास्त्र नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला ते शिकवता येते आणि शंका आली तर ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यक सेवेतून तो कागद तासाभरात रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या तज्ज्ञापुढे जाऊ शकतो. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातल्या प्रत्येक ‘दम लागणाऱ्या’ माणसाचा एक ईसीजी, एवढा एकच संकल्प त्या महाविद्यालयाने केला तरी कोकणातील हृदयक्षीणतेचा पहिला खरा नकाशा तयार होईल.

दुसरी गोष्ट औषधांची. यंत्राआधी चार प्रकारची औषधे नीट द्यायची असतात आणि त्यांतली महागडी औषधे पेटंट संपल्यामुळे आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाहीत. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनचे २०२३ मध्ये संपले. भारतीय कंपन्यांनी किमती भराभर खाली आणल्या. ही औषधे जनऔषधी केंद्रातून राजापूरपर्यंत नियमित यावीत आणि त्यांची मात्रा दर पंधरा दिवसांनी कोणीतरी वाढवत न्यावी. चिठ्ठी एकदा लिहिली आणि रुग्ण वर्षभर तीच मात्रा घेत राहिला, असे होते तेव्हा औषध असूनही उपचार नसतो.

तिसरी गोष्ट मिठाची, आणि ती कोकणात सर्वांत नाजूक. सुके बांगडे, खारवलेली मासळी, मिठातली कैरी, आमसुलाचे आगळ, पापड, लोणचे. पावसाळ्याचे चार महिने या साठवणीवरच घर चालते. हृदयक्षीण माणसाच्या अंगात मीठ पाणी धरून ठेवते आणि मग तो आषाढात एकाएकी गुदमरू लागतो. रोज सकाळी वजन करणे आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ दिसली की तात्काळ डॉक्टरला कळवणे, एवढ्याने कितीतरी वेळा रुग्णालय टळते. त्यासाठी घरात वजनकाटा हवा. रा. स्व. संघ जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे खाटा, चाकाच्या खुर्च्या आणि प्राणवायूची उपकरणे गरजूंना वापरायला देतात. त्या यादीत साधा वजनकाटा जायला हवा, आणि काट्याबरोबर आठवड्यातून एकदा घरी येऊन वही पाहणारा कार्यकर्ताही. दीनदयाळजींनी सांगितलेला अंत्योदय सभागृहातल्या व्याख्यानात नसतो. तो सकाळी सहा वाजता पडवीत काट्यावर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या वहीत असतो.

राज्य सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत सत्तरीपुढील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता स्थान मिळाले. हे निर्णय मोठे आहेत आणि त्यांचे श्रेय द्यायला कंजूषपणा करू नये. तथापि, विमा रकमेत मोजला जातो आणि यंत्र दरात. योजनेतला दर यंत्राच्या किमतीहून अपुरा राहिला, तर रुग्णालय नम्रपणे ‘पुढे जा’ म्हणते आणि रुग्ण मुंबईची गाडी पकडतो. म्हणून तज्ज्ञांच्या निकषांत बसणाऱ्या रुग्णासाठी सी.आर.टी.चा पुरेसा आणि जाहीर दर, निवड तपासणारी स्वतंत्र समिती, आणि कोकणात किमान एक केंद्र जिथे हे यंत्र बसवता येईल, या तिन्ही गोष्टी एकत्रच मागाव्या लागतील. निवड तपासणारी समिती वगळून नुसता दर वाढवला, तर नको त्या छातीतही यंत्रे बसू लागतील, आणि मग योजनाच बदनाम होईल.

एक बाब धोरणकर्त्यांच्या टिपणांत सहसा येत नाही. या यंत्राची बॅटरी साधारण पाच ते आठ वर्षे टिकते. दर काही महिन्यांनी यंत्र तपासावे लागते, आणि बॅटरी उतरली की पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा नवे यंत्र. साठीला बसवलेल्या यंत्राची पहिली बॅटरी सत्तरीच्या आत संपते. त्या वेळी मुलाची नोकरी असेल का, योजना तीच असेल का, यंत्राची कंपनी देशात असेल का, हे नाट्यातला माणूस आज कोणाला विचारणार? यंत्र तपासणारे उपकरण आज महानगरांतल्या रुग्णालयांत असते. ते महिन्यातून एक दिवस राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणून ठेवायला नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. एक गाडी, एक तंत्रज्ञ आणि फळ्यावर खडूने लिहिलेली तारीख पुरते.